दुसऱ्याचं पार्सल दारात आलं, तर आधी लेबल झाका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या केरीहून एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. त्यांच्या घरी पार्सल आलं, सासऱ्यांनी घेऊन ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर नाव भलत्याच बाईंचं, आणि पत्ता केरीचाच, पण पेडणे तालुक्यातल्या केरीचा. मालकीण लवकर सापडावी म्हणून ताईंनी लेबलाचा फोटो व्हॉट्सॲपच्या तीन ग्रुपवर टाकला. बाई सापडल्या, पण आभार मानायचे सोडून भडकल्या. इकडे ताईंचं स्वतःचं पार्सल ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय. कुरिअरच्या ब्रँचला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘तुमचं त्यांच्याकडे गेलंय. नंबर पाठवतो, आपसात बदलून घ्या.’ आणि नंबर आलासुद्धा. आता ताई विचारतात : फोटो टाकला यात माझं काय चुकलं, त्या नंबरावर फोन करून आम्हीच अदलाबदल करावी का, आणि माझं पार्सल मिळालंच नाही तर दाद कुठे मागू?

ताई, पार्सल परत करायची तुमची धडपड मनापासूनची होती, हे आधी सांगतो. ठेवून घेऊन गप्प बसणारेही असतात. पण फोटो टाकायला नको होता, अदलाबदल स्वतः करायला जाऊ नका, आणि ब्रँचने तुम्हाला तो नंबर दिला ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक आहे. गोव्यात आधी कुरिअरच्या ब्रँच सांभाळताना आणि पुढे डिलिव्हरीच्या मुलांना शिकवताना ‘आपसात बदलून घ्या’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही ते कानावर आलं की संताप होतो. चूक कंपनीची, आणि ती निस्तरायला एका गिऱ्हाइकाचा नंबर दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे चालता कामा नये.

त्या बाई का भडकल्या ते कळायला लेबल एकदा सावकाश वाचा. नाव, आडनाव. वाडा, घर क्रमांक, जवळचं देऊळ किंवा खुरीस (क्रूस). मोबाईल नंबर, कधी घरातल्या दुसऱ्या कुणाचाही. माल कुठल्या दुकानाचा. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर रक्कम. खाली बारकोड आणि त्याचा लांबलचक नंबर, ज्याला आम्ही नुसतं एडब्ल्यूबी म्हणतो. तो नंबर आणि फोन नंबर एवढं हाताशी असलं की कस्टमर केअरला फोन करून ‘मीच ती’ म्हणणं फारसं अवघड राहत नाही. वर प्लॅस्टिकच्या खिशात बिल खोचलेलं असलं तर आत काय आहे तेही कळतं. औषधांच्या पार्सलात त्या बिलावर गोळ्यांचं नाव असतं, बऱ्याचदा डॉक्टरांचंही.

मोठ्या शहरात हे कुणा अनोळखी माणसाचं नाव म्हणून विसरलं जाईल. आपल्याकडे तसं होत नाही. आडनाव आणि वाडा वाचला की ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना ती कुणाची कोण हे समजतं, आणि तिने काय मागवलं यावर दुसऱ्या दिवशी चर्चा होते. माझ्या एका ब्रँचमध्ये सासर सोडून भाड्याच्या खोलीत राहणारी एक बाई यायची. पार्सल नेहमी स्वतः येऊन घेऊन जायची. घरी का मागवत नाही असं मुलाने विचारलं, तर म्हणाली, माझा पत्ता कुणाच्या फोनमध्ये राहायला नको. तिच्या लेबलाचा फोटो एखाद्या ग्रुपवर गेला असता तर काय झालं असतं, हे मी शिकवायला घेतलेल्या प्रत्येक मुलाला विचारतो. पेडण्याच्या त्या बाईंची अडचण काय ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. माहीत नसतं म्हणूनच फोटो टाकायचा नसतो.

आता ही गफलत होते कशी तेही सांगतो, कारण ते कळलं की पुढच्या वेळी तुम्ही दारातच पकडाल.

गोव्यात केरी तीन आहेत : तेरेखोलजवळची पेडण्याची, चोर्ला घाटाखालची तुमची, आणि फोंड्याची. इंग्रजीत कुणी के लावून लिहितो, कुणी क्यू लावून. शिरोडा फोंडा तालुक्यात आहे तसा वेंगुर्ल्यातही आहे. नेरूल बार्देशात, आणि नावाला अगदी जवळचं नेरुळ नव्या मुंबईत. गोव्याचे सगळे पिनकोड ४०३ ने सुरू होतात आणि सिंधुदुर्गाचे ४१६ ने, त्यामुळे दोन शिरोड्यांतला घोळ पिन बरोबर असेल तर सॉर्टिंगलाच अडतो. पण गोव्यातल्या गोव्यात शेवटच्या तीन आकड्यांत एक चुकला, किंवा ऑर्डर करताना ॲपने जुना पिन आपोआप भरला, की बॅग भलत्या ब्रँचला जाते.

ब्रँचमध्ये सकाळी बॅग उघडतात, पार्सलं स्कॅन होतात आणि जमिनीवर गावागावाचे ढीग लागतात. मुलगा जाड मार्करने पिशवीवर ‘केरी’ लिहितो, कधी पुढे एक आकडा. इथून पुढे तो लेबल क्वचितच वाचतो, आपलंच अक्षर वाचतो. त्यात कपड्यांच्या दोन पिशव्या एकाच रंगाच्या, एकाच वजनाच्या. गावात पोचला की फोन लावतो, ‘बाय, पार्सल आसा, केरीत पावलां.’ तुम्ही पार्सलची वाटच पाहत असता, म्हणता, ‘हो हो, या.’ झालं. सत्तरीत, सांग्यात, काणकोणात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, मग मुलगा दहा-बारा पार्सलं वाटतो आणि रेंज आली की एखाद्या दुकानासमोर थांबून सगळी एकदम ‘डिलिव्हर्ड’ करतो. कुठलं कुणाला दिलं ते तेव्हा तो आठवून भरतो. पावसाळ्यात रेनकोट, ओली पिशवी, भिजून चिकटलेली लेबलं, मग तर बोलायलाच नको. बहुतेक मुलांना पार्सलमागे पैसे मिळतात, त्यामुळे प्रत्येक दारात थांबून नाव विचारायला त्यांना वेळ परवडत नाही. मी त्यांची बाजू घेत नाही, पण दोष फक्त त्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. रोजचा आकडा ब्रँच ठरवते.

म्हणून दारात एकच गोष्ट करा : पार्सल हातात घेऊन लेबलावरचं नाव वाचा, मग ओटीपी सांगा. फोनवर ‘ओटीपी सांगा, दुकानात ठेवून जातो’ म्हणाला तर नाही म्हणा. ओटीपी दिला की कंपनीच्या लेखी माल तुम्हाला मिळाला, आणि नंतर तो मिळाला नाही हे पटवून देणं फार कठीण जातं. घरात म्हातारं माणूस पार्सल घेणार असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा की कुणाच्या नावाचं येणार आहे आणि रक्कम द्यायची आहे की नाही.

आता त्या नंबराकडे येतो. त्या बाईंनी तो दुकानाला दिला तो रायडरला दार सापडावं म्हणून. तुम्हाला द्या असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शिवाय ब्रँचने तुम्हाला त्यांचा दिला, तसा त्यांना तुमचाही दिला असणार, हे धरून चाला. चांगली ब्रँच काय करते? दोन्ही घरी आपणच फोन करते, माफी मागते, आणि मुलगा पाठवून दोन्ही पार्सलं उचलून योग्य जागी पोचवते. तेरेखोलपासून चोर्ल्याच्या पायथ्यापर्यंत गोव्याचं एक टोक ते दुसरं टोक होतं, पेट्रोल लागतं, हे मला ठाऊक आहे. पण ते पेट्रोल कंपनीचं. आता अनेक कंपन्यांत रायडरलाही गिऱ्हाइकाचा खरा नंबर दिसत नाही, मधल्या नंबरावरून फोन जुळतो. अशा वेळी ब्रँचच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाने नंबर व्हॉट्सॲपवर पाठवून द्यावा, म्हणजे सगळ्या बंदोबस्तावर पाणी पडलं.

यात धोकाही खरा आहे. ज्याच्या हाती लेबलाचा फोटो पडला त्याला तुमचं नाव, दुकान, तारीख आणि पार्सल भरकटलंय ही गोष्ट, सगळं ठाऊक असतं. त्याने फोन केला, ‘मॅडम, तुमचं पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलंय, परत पाठवायला पाच रुपये भरा, लिंक देतो,’ तर तुम्ही का विश्वास ठेवणार नाही? पार्सल खरंच भरकटलेलं असतं! पोस्टाच्या नावाने ‘पत्ता अपुरा आहे, अमुक वेळात भरा’ असे खोटे मेसेज फिरतात ते अंदाजाने पाठवलेले असतात. इथे समोरच्याला अंदाजाची गरजच नसते. दुसरी चाल म्हणजे ‘रायडरशी बोलायला हा कोड दाबा’ म्हणून *२१* ने सुरू होणारा नंबर लावायला सांगतात. त्याने तुमचे फोन दुसऱ्याच्या मोबाईलवर वळतात, मग बँकेचा ओटीपी फोनवर आला तर तोही तिकडेच ऐकला जातो. असं काही दाबून बसला असाल तर ##००२# लावा, वळवलेले सगळे फोन बंद होतात. पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उद्यावर टाकू नका. गोव्याचं सायबर गुन्हे पोलीस ठाणं रायबंदरला आहे. हे तुम्हाला लागू होतं तसं त्या बाईंनाही लागू होतं, आणि त्यांच्या लेबलाचा फोटो सध्या तीन ग्रुपवर आहे.

तेव्हा आज हे करा. तिन्ही ग्रुपवरचा फोटो काढा. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ होत नसेल तर ग्रुपच्या ॲडमिनला सांगा, त्याला काढता येतो का ते पाहा. ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांना काढायची विनंती करा. पेडण्याच्या बाईंना एकच मेसेज पाठवा, त्यांच्याशी तुमचं आधी बोलणं झालंच आहे म्हणून : ‘फोटो टाकला ते माझं चुकलं, सगळीकडून काढला आहे. तुमचं पार्सल न उघडता ठेवलं आहे, कुरिअरवाल्यांना उचलायला सांगितलं आहे. तुमचा नंबर मी आता काढून टाकते.’ आणि खरंच काढून टाका.

पार्सल उघडू नका. चुकून उघडलं असेल तर तसंच चिकटवा आणि कंपनीला तसं लिहून कळवा. लेबलाचा एक फोटो तुमच्याजवळ पुरावा म्हणून असू द्या, पण तो फक्त कंपनीच्या तक्रारीत जोडा. कंपनीला सांगा की मुलगा पाठवा. तुम्ही खर्च करून ब्रँचला जायचं काही कारण नाही. मुलगा येईल तेव्हा त्याने आधी एडब्ल्यूबीचे शेवटचे चार आकडे सांगावेत, तुम्ही लेबलाशी ताडून पाहा, मगच द्या, आणि दिल्याची पोच घ्या. ‘मीच मालक’ म्हणत कुणी थेट दारात आलं तर लेबल दाखवायच्या आधी नाव आणि दुकान त्यांनाच विचारा. पोस्टाचं पार्सल असेल तर काम सोपं आहे, त्यावर ‘चुकीच्या पत्त्यावर आले’ असं लिहून पोस्टमनकडे किंवा पोस्टात परत द्या.

एक अपवाद मात्र करतो. पार्सल शेजारच्या घरचं असेल, माणूस ओळखीचा असेल, तर नेऊन द्या आणि विषय संपवा. तिथे कंपनीला मधे आणायची गरज नाही. फक्त हातात द्या. वाटेतल्या दुकानात ‘अमक्याचं आहे, आला की द्या’ म्हणून ठेवू नका. लेबल वर करून पार्सल दिवसभर गल्ल्यावर पडून राहतं आणि येणारा-जाणारा वाचतो.

ठेवूनच घेतलं तर काय, असं काही जण विचारतात. दुसऱ्याचा माल समजून-उमजून ठेवून घेणं किंवा वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे, त्याला किमान सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. सापडलेली वस्तू सांभाळायची जबाबदारी तर १८७२ च्या करार कायद्यापासून आहे. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्या इतरांना असेल.

आता माहितीच्या कायद्याचं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. एखाद्याने आपल्या घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्यात येत नाही, त्याचा रोख माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांवर आहे, तेव्हा तुम्ही घाबरून जाऊ नका. कंपन्यांसाठी मात्र तो कडक आहे. माहिती चुकून उघड झाली तरी ती गळतीच धरली जाते, मुद्दाम केली असलीच पाहिजे असं नाही. माल विकणाऱ्याने कुरिअरला काम दिलं म्हणून त्याची स्वतःची जबाबदारी सुटत नाही. ज्याची माहिती फुटली त्याला विनाविलंब कळवायचं आहे, आणि सुरक्षेत कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. यातली मुख्य बंधनं नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. काही ब्रँचवाले याचा अर्थ ‘तोवर मोकळं रान’ असा घेतात. तो चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून आधीच लिहिलेली आहे, आणि तो कायदा जुलै २०२० पासून लागू आहे.

तुमच्या न मिळालेल्या पार्सलची तक्रार कुरिअरच्या ब्रँचकडे करत बसू नका. तुम्ही पैसे ज्या ॲपला किंवा दुकानाला दिलेत त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं त्यांना बंधनकारक आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. पत्र लहान ठेवा. ऑर्डर नंबर, ‘डिलिव्हर्ड’ची तारीख-वेळ, माल मिळाला नाही हे एक वाक्य. मग मागण्या : माल किंवा पैसे परत, डिलिव्हरीचा पुरावा म्हणून काढलेला फोटो, सही किंवा ओटीपीची नोंद, आणि माझा नंबर कुणाकुणाला दिला याचं लेखी उत्तर. तो डिलिव्हरीचा फोटो ॲपवर दिसत असेल तर नीट पाहा. मी असे फोटो पाहिलेत ज्यात भलत्याच घराचा उंबरठा, दारात उभं लहान मूल, भिंतीवरची नावाची पाटी सगळं स्पष्ट दिसत होतं. तुमच्या ॲपवर दुसऱ्याचं घर दिसतंय तर कुणाच्या तरी ॲपवर तुमचं दिसत असणार. तो फोटो काढायला सांगा, आणि तेही लेखी.

महिन्यात काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीत बोलता येतं. त्यानेही हाललं नाही तर ग्राहक आयोग. उत्तर गोव्याचा पर्वरीला आहे, दक्षिणेचा मडगावला, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान बंगळुरूचं असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे.

पत्त्याचंही थोडं सुधारा. ऑर्डर करताना ‘केरी’ एवढ्यावर थांबू नका, ‘केरी, सत्तरी’ असं तालुक्यासकट लिहा, वाडा लिहा आणि पिन दर वेळी तपासा. पोस्ट खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे, दहा अक्षर-आकड्यांचा कोड, साधारण चार मीटर बाय चार मीटरची जागा दाखवणारा. घर क्रमांक सापडत नाही अशा वाड्यांना तो उपयोगी आहे. पण तो तुमच्या दारापर्यंत आणून सोडतो, म्हणून डिलिव्हरी करणाऱ्यापुरताच द्या. रायडरला लोकेशन पाठवलंत तर काम झाल्यावर ते दोन्हीकडून डिलीट करा, कारण तो फोन त्याचा स्वतःचा असतो आणि नोकरी सोडली की फोन त्याच्यासोबत जातो. रिकाम्या पिशव्या कचऱ्यात टाकताना लेबल फाडून तुकडे करा. निघत नसलं आणि ते उष्णतेने छापणाऱ्या कागदाचं असलं, तर त्यावर गरम वाफ किंवा हेअर ड्रायर धरा, सगळं काळं पडतं आणि वाचता येत नाही.

आणि तक्रारीला ब्रँचने नंबर पाठवला तो स्क्रीनशॉट जरूर जोडा, तोच तुमचा भक्कम पुरावा आहे. जोडण्याआधी त्यातला त्या बाईंचा नंबर मात्र काळा करा, शेवटचे दोन आकडे तेवढे दिसू द्या.